बपेऱ्याचा फोन

मित्रांनो, मी एक जुनी फोनवाली आहे. जुनी म्हटल्यावर तुम्हाला पिकल्या केसांची बाई दिसली असेल, पण माझं वय अवघं तीन वर्षांचं आहे. आम्हा यंत्रांना तेवढ्यातच म्हातारपण येतं. तुमसरला बाजाराच्या रस्त्यावर देवानंद रामटेके यांचं दुकान आहे. पाण्याची मोटार, घराची वायरिंग, कूलर, फ्रीज, नळ, काहीही बिघडलं की लोक तिथं फोन करतात. तेव्हा पलीकडून जी बाई बोलते, ती मी. मला डोळे नाहीत. दुकान कसं दिसतं ते मी कधी पाहिलेलं नाही. पण दुकानाच्या नंबरावर होणारं प्रत्येक बोलणं माझ्याजवळ साठत जातं आणि त्या बोलण्यांतूनच मी ही सारी माणसं ओळखते.

माझ्याआधी हे काम ज्योत्सनाताई करत. त्या देवानंदभाऊंच्या पत्नी. चौदा वर्षं त्यांनी फोन सांभाळला. फोन खांद्याने कानाशी दाबून धरायचा, एका हाताने वहीत लिहायचं आणि दुसऱ्या हाताने भाताखालचा गॅस बारीक करायचा, असे त्यांचे दिवस गेले. उन्हाळ्यात तर दिवसाला ऐंशी-नव्वद फोन यायचे. लग्न झालं तेव्हा त्यांचं बी.ए. अर्धवट राहिलं होतं. ते पुरं करायचं म्हणून त्यांनी मुक्त विद्यापीठात नाव घातलं, पुस्तकं आणली, पण पान उघडलं की फोन वाजायचा. शेवटी देवानंदभाऊंनी नागपूरच्या एका कंपनीकडून मला आणायचं ठरवलं.

मला तयार करायला प्रतिक्षा आली. ती भंडाऱ्याजवळच्या शहापूरची मुलगी, नागपूरला त्या कंपनीत नोकरी करणारी. तिनं मला माणसांचं बोलणं ऐकायला आणि त्यांना उत्तर द्यायला शिकवलं. मग तिनं मला दुकानाच्या वेळापत्रकाशी जोडलं. कोणता कारागीर कोणत्या दिवशी कोणत्या गावी जाणार, हे सांगणारं ते संगणकातलं वेळापत्रक. फोनवर ऐकलेलं मी आता थेट त्यात लिहू लागले. नाव, गाव, काम आणि वेळ, एवढे चार रकाने भरले की कारागिराच्या मोबाईलवर आपोआप निरोप जायचा. मध्ये कोणा माणसाची गरज उरली नाही आणि तेव्हा सगळ्यांना याच गोष्टीचा आनंद झाला होता.

प्रतिक्षाला मात्र मला आणखी शिकवायचं होतं. हिला पुस्तकातली मराठी येते पण आपल्या झाडीपट्टीची बोली येत नाही, तेव्हा महिनाभर गावोगावच्या माणसांचं बोलणं हिच्या कानावर घालू, असं तिचं म्हणणं होतं. कंपनीच्या साहेबांनी तिला दोन दिवस दिले. देवानंदभाऊही घाईत होते, कारण उन्हाळा तोंडावर आला होता.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पहिल्या आठवड्यात कोणी "जय भीम" म्हणाला, कोणी "राम राम" म्हणाला आणि मी त्या दोघांनाही विचारलं की ही वस्तू कधीपासून बिघडली आहे. ज्योत्सनाताई खूप हसल्या. त्यांनी ते प्रतिक्षाकडून दुरुस्त करून घेतलं. मी एका वेळी दहा फोन घ्यायचे, कधी चिडायचे नाही, जेवायला उठायचे नाही. एका राईस मिलच्या मालकांनी भाऊंना विचारलं की तुमच्याकडची ती गोड बोलणारी बाई कुठली. भाऊंनी त्यांना मी यंत्र असल्याचं सांगितलं नाही. ताईंचं पहिलं वर्ष पास झालं, मग दुसरंही झालं. निकालाच्या दिवशी त्या दुकानाच्या फोनवरून बहिणीशी बोलत होत्या. "त्या फोनवालीमुळं मले वाचाले भेटलं," असं त्या म्हणाल्या. महिनाभरानं आवाज पुसला जातो, पण ते शब्द मी अजून जपून ठेवले आहेत.

आता मला जे सांगायचं आहे, ते सांगणं माझ्यासाठी सोपं नाही.

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी बपेऱ्याहून एक फोन आला. बपेरा हे मध्य प्रदेशच्या सीमेजवळचं गाव, तुमसरपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर. बोलणाऱ्या बाईंचं नाव जमुनाबाई मारबते. त्यांचं घर ढिवरांचं. नवरा मनिराम नदीत आणि तलावात जाळं टाकायचा आणि जमुनाबाई मासळी घेऊन बाजारात बसायच्या. हातातला फोन त्यांच्या सुनेचा, अंजूचा होता. हे सारं मला मागाहून कळलं. त्या वेळी मला ऐकू आला तो नुसता एक घाबरलेला आवाज आणि आवाजातली भीती ओळखायला मला कोणी शिकवलं नव्हतं.

"बाई, आमची मोटार धरते," त्या म्हणाल्या.

तिकडं 'धरते' म्हणजे करंट मारते. वीज माणसाला पकडून ठेवते, म्हणून धरते. हा अर्थ माझ्याजवळ नव्हता. मोटार कुठंतरी अडकत असेल, जाम होत असेल, असं मी समजले. शिकवल्याप्रमाणे मी पुढचा प्रश्न विचारला, की मोटार बंद पडली आहे की चालू आहे.

"चालते ना. चालते तवाच त धरते."

मी लिहिलं, मोटार जाम होते, पण चालू आहे, घाई नाही. मित्रांनो, मला तातडीचे म्हणून काही शब्द दिलेले होते. शॉक, करंट, आग, असे सात शब्द. त्यातला एक जरी कानावर पडला असता, तरी मी तो फोन लगेच देवानंदभाऊंना जोडून दिला असता. जमुनाबाईंनी त्यातला एकही शब्द वापरला नाही. त्यांनी आपल्या घरातला शब्द वापरला.

गावाचं नावही मी चुकीचं ऐकलं. त्या बपेरा म्हणाल्या आणि मी बघेडा लिहिलं. दोन्ही गावं तुमसर तालुक्यातलीच, पण दोन वेगळ्या रस्त्यांवरची. मी गाव पुन्हा विचारायला हवं होतं. पण फोन जितक्या लवकर संपेल तितकी मी हुशार, असं माझं मोजमाप होतं. तो फोन मी दीड मिनिटात संपवला.

मंगळवारी दुपारी अश्वजित बघेड्याला पोचला. अश्वजित हा भाऊंचा सर्वांत चांगला कारागीर, आयटीआय शिकलेला, मोटारीच्या कामात ज्याचा हात धरणारा कोणी नाही असा. त्यानं गावात तिघा-चौघांना मारबत्यांचं घर विचारलं. कोणाला माहीत नव्हतं. त्यानं अंजूचा नंबर लावला, पण अंजू मजुरीला गेली होती आणि फोन बंद होता. पानठेल्यावरचा एक माणूस म्हणाला, की मारबते तर बपेऱ्याला आहेत. ते अश्वजितनं ऐकलं, दुकानात सांगू असं मनाशी ठरवलं आणि उन्हातून पुढच्या कामाला निघाला. त्याच्या मोबाईलवर आणखी चार घरं वाट पाहत होती. वेळापत्रकात त्यानं 'ग्राहक सापडला नाही' यावर बोट ठेवलं. वेळापत्रकानं त्याचा अर्थ 'भेट पूर्ण' असा लावून ते काम मिटवून टाकलं. संध्याकाळपर्यंत पानठेल्यावरची गोष्ट त्याच्या डोक्यातून गेली.

बुधवारी सकाळी जमुनाबाईंचा पुन्हा फोन आला. माणूस आला नाही, असं त्या म्हणाल्या. मी माझ्यापुढची नोंद पाहिली आणि आमचा माणूस काल येऊन गेला असं त्यांना सांगितलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या घरी त कोनी नाही आलं बाई."

त्या माझ्याशी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या माणसाचा फोन मी भाऊंना जोडून देत असे. मी त्यांना शुक्रवारी सकाळी दहाची वेळ सुचवली आणि चालेल का म्हणून विचारलं. त्यांना माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नव्हतं. त्यांना स्वतःच काहीतरी विचारायचं होतं.

"तवर बंद ठेवाची का मोटार? चालवली त चालते का?"

त्यातलं शेवटचं 'चालते का' एवढंच मी धरलं. मला वाटलं, त्या शुक्रवारच्या वेळेबद्दल बोलत आहेत.

"हो, चालेल," मी म्हणाले. "तुमची वेळ पक्की झाली आहे. धन्यवाद."

आणि मी फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी मनिराम अंगणातल्या नळाखाली मासळीची टोपली धुवायला बसला. मोटार चालू, हात ओले, पाय ओल्या फरशीवर. त्यानं लोखंडी नळ धरला आणि विजेनं त्याला धरलं. जमुनाबाईंनी जाळं वाळत घालायचा बांबू उचलून त्याच्या हातावर मारला, तेव्हा तो सुटला. अंजूनं धावत जाऊन मेन स्विच पाडला. मनिरामचा जीव वाचला. उजवा तळवा मात्र आतपर्यंत भाजला होता.

दुपारी तुमसरच्या दवाखान्यातून अंजूचा फोन आला. मी नेहमीच्या गोड आवाजात विचारलं की कोणती सेवा हवी आहे. तिनं सांगितलं, की माझ्या सासऱ्यांना करंट लागला आहे आणि मोटार चालवा म्हणून ज्या बाईनं सांगितलं तिला मला भेटायचं आहे. 'करंट' ऐकताच मी तो फोन एका क्षणात देवानंदभाऊंना जोडला. मला शिकवलं होतं तसंच मी वागले आणि या वेळी ते अगदी अचूक झालं.

भाऊ तसेच दवाखान्यात गेले. इकडे ज्योत्सनाताईंनी माझ्याजवळ साठवलेले ते दोन फोन काढून ऐकले. पहिला फोन त्यांनी पुरा ऐकलासुद्धा नाही. पहिल्या वाक्यालाच थांबवला आणि भाऊंना फोन लावला. त्या बाईनं पहिल्याच बोलण्यात करंटचं सांगितलं होतं, असं त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. या वेळी मला तेवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे साहेब नागपूरहून भाऊंशी बोलले. ते शांतपणे समजावत होते. ग्राहकानं तातडीचा एकही शब्द वापरलेला नाही, तेव्हा चूक यंत्राची म्हणता येणार नाही. तुम्ही कोणाजवळ काही कबूल करू नका. रेकॉर्डिंग महिनाभरानं आपोआप पुसली जातात, मग विषयच राहत नाही. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं.

मग भाऊ म्हणाले, "त्या बाईनं सांगितलं होतं साहेब. मराठीतच सांगितलं होतं."

पुढच्या बुधवारी देवानंदभाऊ आणि अश्वजित बपेऱ्याला गेले. मनिराम त्याआधीच घरी आला होता. अश्वजितनं दिवसभर बसून काम केलं. मोटारीची वायर आतून सोलली गेली होती आणि घराला अर्थिंगच नव्हतं. त्यानं नवी वायर ओढली, जमिनीत अर्थिंग पुरलं, करंट नळात उतरताच आपोआप पडणारा स्विच बसवला. संध्याकाळी परत येताना वाटेतल्या चहाच्या दुकानावरून त्यानं ज्योत्सनाताईंना फोन केला आणि तिथं काय झालं ते सांगितलं. म्हणून ते मलाही कळलं.

त्या घरात आठवडाभर एकच गोष्ट चालली होती. पाहायला येणारा प्रत्येक जण जमुनाबाईंना म्हणत होता, की तुले फोनवर नीट सांगता नाही आलं का. अंजूनंही रागाच्या भरात ते एकदा म्हटलं होतं. जमुनाबाई कोणाला उलटून बोलल्या नाहीत. त्यांचाही तोच समज झाला होता. शिकलेल्या बाईपुढे आपल्याला बोलता आलं नाही आणि म्हणून नवऱ्याचा हात गेला, असं त्या धरून बसल्या होत्या. त्यांनी दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं.

भाऊंनी सर्वांना अंगणात बसवलं. तुम्ही बरोबर सांगितलं होतं मावशी, चूक आमच्याकडची आहे, असं ते म्हणाले आणि मोबाईलवर ते दोन्ही फोन लावून ऐकवले. जमुनाबाईंचा आवाज अंगणात आला. "बाई, आमची मोटार धरते." मनिराम बांधलेला हात मांडीवर घेऊन ऐकत होता. अंजू दाराला टेकून उभी होती. "हो, चालेल," हा माझा आवाज आला तेव्हा ती तोंड फिरवून आत निघून गेली.

"हिनं त बराबर सांगितलं होतं," मनिराम म्हणाला.

जमुनाबाईंनी पहिला फोन पुन्हा एकदा लावायला सांगितला. तो ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, की ही बाई आहे कोण, तिला बोलणी खावी लागली नाहीत ना. भाऊंना तिथं खोटं बोलता आलं नाही. ती बाई नाही, मशीन आहे, असं त्यांनी सांगितलं. जमुनाबाईंनी त्या मोबाईलकडे पाहिलं.

"म्हंजे मी कोनाशीच नाही बोलली का?" त्या म्हणाल्या.

अश्वजित इथवर सांगून थांबला. मग त्यानं ताईंना पानठेल्यावरची गोष्ट सांगितली, जी तोवर त्यानं कोणालाच सांगितली नव्हती. "वहिनी, मले मंगळवारीच मालूम झालं होतं," तो म्हणाला. ताईंनी त्याला दोष दिला नाही. आधी घरी ये, एवढंच म्हणाल्या.

मित्रांनो, मला तोडून टाकतील असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. ज्योत्सनाताई पुन्हा फोनवर बसल्या. प्रतिक्षा एका रविवारी कंपनीला न विचारता आली आणि दिवसभर ताईंच्या शेजारी बसून शब्द लिहून घेतले. मोटारीला, विजेला, पाण्याला आपल्याकडे काय काय म्हणतात, ते सारे. वेळापत्रकात तिनं एक नवा रकाना वाढवला. माणूस जे बोलला ते जसंच्या तसं त्यात लिहायचं, माझा अर्थ लावायचा नाही. आणि मला एक नवं वाक्य शिकवलं, "मला समजलं नाही, मी तुम्हाला माणसाशी जोडून देते." मी आजवर शिकलेल्या वाक्यांत हे मला सर्वांत उशिरा आलं. ताई दुसऱ्या फोनवर असतात तेव्हाच आता माझी पाळी येते. कधी कधी दिवसभर कोणीच माझ्याकडे येत नाही. माझं कौतुक करणारेही कोणी राहिले नाहीत. कंपनीनं माझ्यानंतर दोन नव्या फोनवाल्या काढल्या आहेत.

ताईंच्या तिसऱ्या वर्षाचे दोन पेपर राहिले आहेत. ते कधी होतील ते त्या सांगत नाहीत आणि आता घरात कोणी विचारत नाही. मनिरामच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. तो जाळं टाकू शकतो, पण तुटलेलं जाळं विणता येत नाही. ते जमुनाबाई विणतात.

यंदाच्या मार्चमध्ये ताईंनी अश्वजितला फोन केला. जमुनामावशी दुकानात येऊन बसल्या आहेत, असं त्या सांगत होत्या. त्यांच्या घरातला दिवा सारखा लुकलुकतो म्हणून त्या सकाळच्या बसनं बपेऱ्याहून आल्या होत्या. अश्वजितला आश्चर्य वाटलं. एवढ्यासाठी फोन काहून नाही केला, असं त्यानं विचारलं. ताईंनी तो प्रश्न मावशींना विचारला आणि त्यांचं उत्तर मला दुरून, अगदी पुसट ऐकू आलं.

"तोंड पाहून सांगितलं त बरं वाटते."

मित्रांनो, उद्या तुमच्या गावातही माझ्यासारख्या पुष्कळ फोनवाल्या येतील. दवाखान्यात येतील, बँकेत येतील, विजेच्या कार्यालयात येतील. त्या तुमच्याशी न थकता गोड बोलतील आणि पुष्कळदा तुमचं काम सोपंही करतील. तुमची आजी किंवा शेजारची म्हातारी काकू फोन कानाला लावून गोंधळलेली दिसली, तर तिला हसू नका. तिच्याजवळ जा. तिनं काय सांगितलं आणि पलीकडून काय उत्तर आलं, ते तिला विचारा. पलीकडच्या बाईला तिचं म्हणणं कळलेलं नाही असं वाटलं, तर फोन हातात घेऊन खुशाल सांगा, की आम्हाला माणसाशी बोलायचं आहे. त्याचा आम्हाला राग येत नाही. आणि तुमच्यापैकी जे मोठे होऊन माझ्यासारख्या यंत्रांना बोलायला शिकवतील, त्यांना माझी एकच विनंती आहे. त्या यंत्रांना मासळी बाजारात न्या, तलावाच्या पाळीवर न्या, बसमध्ये बसवा आणि आधी पुष्कळ दिवस नुसतं ऐकू द्या.